लहान चित्राची साक्ष

मोठ्या उताऱ्याचा सारांश लिहिणें ही कला शाळेंत मुद्दाम शिकवावी लागते. ती आपोआप येत नाहीं. दहा ओळींचा उतारा पांच ओळींत आणा, असें सांगितलें कीं नवशिका विद्यार्थी पहिली, तिसरी, पांचवी अशा ओळी उचलून ठेवतो आणि काम संपलें असें मानतो. ओळींची संख्या निम्मी झाली हें खरें. पण वाक्यें मध्येंच तुटतात, एकाचें क्रियापद दुसऱ्याच कर्त्याला जाऊन चिकटतें, आणि मूळ लेखकानें कधीं म्हटलें नाहीं असें कांहीं तरी उरलेल्या ओळींतून निघूं लागतें. समजूतदार विद्यार्थी आधीं सगळा उतारा वाचतो, शेजारशेजारच्या वाक्यांतील अर्थ एकत्र करतो, आणि मग तो थोडक्या शब्दांत मांडतो. उतारा दोघांनींही निम्माच केला. परंतु एकाची साक्ष खोटी आणि दुसऱ्याची खरी.

चित्र लहान करणें हें असेंच काम आहे. आज घरोघरीं आजोबांपासून नातवंडांपर्यंत प्रत्येकाच्या हातीं मोबाईल आहे, आणि त्याच्या कांचेवर रोज येणारीं बहुतेक छायाचित्रें मूळ आकाराचीं नसतात. वाटेंत लहान होऊन आलेलीं असतात. आपण पाहतों तो मूळ चित्राचा सारांश होय. तो कसा काढतात, त्यांत काय गळतें, आणि गळूं नये तें कसें राखावें, याचा विचार संगणकदृष्टि नांवाच्या शास्त्रांत गेलीं चाळीसांहून अधिक वर्षें चालू आहे. हा विचार केवळ यंत्रज्ञांच्या कामाचा आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. ठाण्याच्या खाडीच्या कांठीं वसलेल्या आमच्या नवी मुंबईंत तिवरांचा एखादा पट्टा नकाशावर उरतो कीं पुसला जातो, हें या सारांशाच्या रीतीवर अवलंबून राहूं शकतें. तेथपर्यंत पोंचण्यासाठीं आधीं चित्राची घडण पाहूं.

कणांचा पट

संगणकाच्या पोटांत चित्र म्हणजे आंकड्यांचा एक विस्तीर्ण पट असतो. बुद्धिबळाच्या पटासारखीं चौकोनी घरें आडव्या-उभ्या रांगांत मांडलेलीं असतात, आणि प्रत्येक घरांत त्या जागच्या उजेडाचा आंकडा लिहिलेला असतो. सामान्यतः ० म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे शुभ्र, व मधले आंकडे म्हणजे करड्या रंगाच्या छटा. रंगीत चित्रांत तांबडा, हिरवा व निळा असे तीन आंकडे एकेका घरांत नांदतात. या घरास पिक्सेल म्हणतात. आपण त्यास नुसतें कण म्हणूं. ४,००० कण रुंद व ३,००० कण उंच असें चित्र म्हणजे १ कोटि २० लक्ष कणांचा पट झाला. एवढें चित्र हल्लींचा साधा मोबाईलही काढतो.

आतां हें चित्र रुंदीनें व उंचीनें निम्में करावयाचें आहे. सर्वांत सोपी युक्ति म्हणजे एक कण ठेवावा, एक टाकावा. एक रांग ठेवावी, एक टाकावी. नवशिक्या विद्यार्थ्यानें ओळींचें केलें तेंच हें. त्याचा परिणाम पाहण्यासाठीं बारीक काळ्या-पांढऱ्या रेघांचें एक लुगडें डोळ्यांपुढें आणा. छायाचित्राच्या एका रांगेंत त्याचे आंकडे २०, १८०, २०, १८०, २० असे एकाआड एक पडले आहेत असें समजा. पहिला, तिसरा, पांचवा असे कण ठेवले, तर २०, २०, २० एवढेंच उरतें; लुगडें काळें झालें. दुसरा, चौथा, सहावा असे ठेवले, तर १८०, १८०, १८०. लुगडें पांढरें झालें. वस्त्र तेंच, आरंभ एका कणानें सरकला, आणि रंग बदलला! रेघांची जाडी कणाशीं तंतोतंत जुळत नसेल, तर निवडलेले कण कांहीं ठिकाणीं काळ्या रेघेवर व कांहीं ठिकाणीं पांढऱ्या रेघेवर पडतात, आणि वस्त्रांत मुळींच नसलेल्या रुंद लाटा चित्रांत उमटतात. बारीक रेघांचा सदरा घातलेला मनुष्य दूरचित्रवाणीवर आला म्हणजे त्याच्या छातीवर अशाच लाटा हलतांना अनेकांनीं पाहिल्या असतील.

वाळवीनें कोरलेल्या लांकडांत अक्षर उमटल्यासारखें दिसावें, त्यास आपल्याकडे घुणाक्षरन्याय म्हणतात. या लाटा म्हणजे घुणाक्षरेंच होत. लिहिणारा कोणी नाहीं, तरी वाचणाऱ्यास मजकूर दिसतो. शितावरून भाताची परीक्षा होते हें खरें; पण भांड्यांतील सर्व शितें एकाच आंचेवर सारखीं शिजलेलीं असतात म्हणून ती होते. एक शीत शिजलेलें व शेजारचें कच्चें असा भात असता, तर त्या म्हणीचा जन्मच झाला नसता. हॅरी नायक्विस्ट यानें १९२८ सालीं व क्लॉड शॅनन यानें १९४९ सालीं तारायंत्राच्या व दळणवळणाच्या संदर्भांत हा विचार गणितांत बसविला. त्याचा सोपा मथितार्थ असा: जी बारकाई टिपावयाची, तिच्या एका आवर्तनांत दोहोंहून अधिक नमुने घेतले पाहिजेत. तेवढे घेणें शक्य नसेल, तर नमुने घेण्यापूर्वींच ती बारकाई काढून टाकावी. नाहीं तर ती वेष बदलून खोट्या रूपानें परत येते.

मेरुप्रस्ताराचा उपयोग

बारकाई काढून टाकणें म्हणजे चित्र किंचित् मऊ करणें. प्रत्येक कणाच्या जागीं त्याचा व त्याच्या शेजाऱ्यांचा मिळून सरासरी आंकडा लिहावयाचा, आणि मगच एकाआड एक कण टाकावयाचे. या सरासरींत सर्वांस सारखा मान नसतो. मधल्या कणास सर्वांत अधिक, लगतच्या दोघांस कमी, व त्यांच्या पलीकडच्या दोघांस अगदीं थोडा असा क्रम असतो. प्रचारांतील एका प्रसिद्ध रीतींत हे मान १, ४, ६, ४, १ असे धरतात, व बेरजेस १६ नीं भागतात.

ज्यांनीं छंदःशास्त्र पाहिलें आहे त्यांस हे आंकडे ओळखीचे वाटतील. चार अक्षरांच्या चरणांत लघु-गुरूंचे एकंदर १६ प्रकार संभवतात. त्यांपैकीं एकही लघु नसलेला १, एक लघु असलेले ४, दोन लघु असलेले ६, तीन लघु असलेले ४, आणि सर्व लघु असलेला १. पिंगलाच्या सूत्रांवर दहाव्या शतकांत टीका लिहितांना हलायुधानें जो मेरुप्रस्तार स्पष्ट केला, त्याची ही एक ओळ आहे. वृत्तांचे प्रकार मोजण्यासाठीं मांडलेले आंकडे चित्र मऊ करण्याच्या कामीं यावेत यांत चमत्कार नाहीं. दोन-दोन शेजाऱ्यांची बेरीज पुनःपुन्हां करीत गेलें कीं दोन्ही ठिकाणीं हेच आंकडे निघतात.

आतां हें मान आपल्या लुगड्यावर चालवून पाहूं. मध्यें २० असलेला कण घ्या: २० + ४ × १८० + ६ × २० + ४ × १८० + २० = १,६००; त्यास १६ नीं भागून १००. मध्यें १८० असलेला कण घेतला तरी १८० + ४ × २० + ६ × १८० + ४ × २० + १८० = १,६००, आणि उत्तर पुन्हां १००. आतां आरंभ कोठूनही करा, लुगडें काळें होत नाहीं, पांढरें होत नाहीं, करडें दिसतें. लांबून पाहिलें असतां आपल्या डोळ्यांसही तें करडेंच दिसतें. लहान चित्रानें रेघा गमावल्या, पण खोटें सांगितलें नाहीं. न दिसणें आणि भलतेंच दिसणें यांतील हा भेद सर्व शास्त्राच्या मुळाशीं आहे.

चित्रांची उतरंड

एकदां निम्में केलेलें चित्र पुन्हां मऊ करून पुन्हां निम्में करावें, तें पुन्हां, असें करीत गेल्यास स्वयंपाकघरांतील उतरंडीसारखी चित्रांची रास तयार होते: तळाशीं मोठा डेरा, त्यावर लहान, त्यावर त्याहून लहान. इंग्रजींत तिला पिरॅमिड म्हणतात; आपली उतरंड अधिक अर्थवाहक आहे. पीटर बर्ट व एडवर्ड अ‍ॅडेल्सन या दोघां अमेरिकन संशोधकांनीं १९८३ सालीं या रचनेवर लिहिलेला निबंध या शास्त्रांतील आधारस्तंभ मानला जातो.

प्रत्येक भांड्यांत खालच्याच्या चतुर्थांश कण असतात. १ कोटि २० लक्षांचें तळचें चित्र, त्यावर ३० लक्षांचें, त्यावर साडेसात लक्षांचें, असें. सगळी उतरंड सांठवावयास जागा किती लागेल? एक चतुर्थांश, त्याचा चतुर्थांश, त्याचाही चतुर्थांश, अशी अनंत बेरीज केली तर ती बरोबर एक तृतीयांश होते. केरळांतील नीलकंठ सोमयाजी यानें इ. स. १५०० च्या सुमारास आर्यभटीयावरील आपल्या भाष्यांत नेमक्या याच बेरजेचा विचार केला आहे. म्हणजे आपली उतरंड कितीही उंच रचली तरी १ कोटि ६० लक्षांपलीकडे जात नाहीं. तिसऱ्या हिश्श्याच्या जादा खर्चांत सर्व आकारांचीं चित्रें हातीं येतात. सौदा महाग नाहीं.

बर्ट व अ‍ॅडेल्सन यांनीं आणखी एक गोष्ट दाखविली. वरचें लहान चित्र ताणून पुन्हां मोठें केलें, तर तें अर्थातच धूसर दिसतें. मूळ चित्रांतून हें धूसर चित्र वजा केल्यावर जें शेष उरतें, तेंच त्या मजल्यावर गळलेली बारकाई. प्रत्येक मजल्याचें शेष निराळें जपून ठेवलें, तर वरच्या भांड्यापासून खालीं उतरत मूळ चित्र जसेंच्या तसें परत उभें करतां येतें. व्यापाऱ्याच्या घरीं रोजकीर्द, खतावणी व ताळेबंद अशा तीन वह्या असतात. मंगळवारीं भाजीस किती पैसे गेले हें ताळेबंदास कोणी विचारीत नाहीं, आणि वर्षाचा नफा-तोटा पाहावयास रोजकीर्द चाळीत बसत नाहीं. परंतु ताळेबंदांतील प्रत्येक आंकडा रोजकीर्दीपर्यंत नेऊन पडताळतां आलाच पाहिजे. शेष जपलेली उतरंड ही अशी चोख दुकानदारी होय. मोबाईलवरील नकाशाही असाच आहे. दोन बोटें फांकवलीं कीं आपण एका मजल्यावरून खालच्या मजल्यावर उतरतों. देश दिसत होता तेथें शहर दिसतें, आणि शहराच्या जागीं गल्ली.

लांबून पाहावें, जवळून पाहावें

इतके मजले कशास हवेत, असें कोणी विचारील. हत्तीस चांचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट हें त्याचें उत्तर आहे. प्रत्येकाच्या हाताखालची बारकाई खरी होती. पण हत्ती कोणालाच सांपडला नाहीं, कारण तो त्या मापावर नव्हताच. यंत्राची दृष्टि एका वेळीं थोड्याच कणांवर पडते, तेव्हां तें त्या आंधळ्यांपैकींच एक असतें. उतरंडीचे वरचे मजले त्याला हत्ती दाखवितात.

खाडीवरचेंच उदाहरण घेऊं. हिंवाळ्याच्या सुमारास ठाण्याच्या खाडींत व नेरूळच्या पाणथळ जागांत रोहित पक्षी, ज्यांस हल्लीं सर्वजण फ्लेमिंगो म्हणतात, हजारोंनीं उतरतात. एका छायाचित्रांत जवळचा पक्षी १६० कण उंच आणि दूरचा २० कण उंच असूं शकतो. यंत्राजवळ २० कण उंचीच्या पक्ष्याचा एकच ठसा असेल, तर तळच्या चित्रांत त्याला फक्त दूरचा पक्षी सांपडेल. पण चित्र एकदां निम्में केलें कीं जवळचा पक्षी ८० कणांचा होतो, दुसऱ्यांदा ४०, तिसऱ्यांदा २०. आणि तिसऱ्या मजल्यावर तोच ठसा त्यावर चपखल बसतो. ठसे अनेक करण्याऐवजीं चित्रेंच अनेक करावयाचीं, हें या शास्त्रांतील एक जुनें व किफायतशीर धोरण आहे.

हल्लींचीं उदाहरणांवरून शिकणारीं यंत्रेंही आपल्या पोटांत चित्र पायरीपायरीनें लहान करीत जातात. त्यांतील पुष्कळ यंत्रें मऊ करण्याची पायरी गाळून सरळ कण टाकीत असत. रिचर्ड झँग या संशोधकानें २०१९ सालीं दाखवून दिलें कीं त्यामुळें चित्र एखाद्या कणानें सरकलें तरी यंत्राचें उत्तर बदलूं शकतें. आणि टाकण्यापूर्वीं मऊ करण्याचा जुना नियम पाळला, तर उत्तरें अधिक स्थिर होतात. नवें यंत्र आलें म्हणून लुगड्याचा हिशेब बदलत नाहीं.

खाडीचा कांठ व पन्नास मीटर

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. १७ मार्च १९७० रोजीं सिडको स्थापन झाली, आणि खाडीच्या पूर्व तीरावर नवी मुंबईची उभारणी सुरू झाली. शहर आणि खाडी यांच्यामध्यें तिवरांचा हिरवा पट्टा आहे. कोठें रुंद, कोठें अगदीं अरुंद. हीं झाडें भरतीच्या पाण्याचा जोर मोडतात, गाळ धरून ठेवतात, व त्यांच्या मुळांशीं मासे-खेंकड्यांचीं पिलें वाढतात. कोळी-आगरी कुटुंबांस हें सांगावें लागत नाहीं. मुंबई उच्च न्यायालयानें ६ ऑक्टोबर २००५ रोजीं दिलेल्या आदेशानें कांदळवनांची तोड थांबविली, त्यांच्या सभोंवार ५० मीटरपर्यंत बांधकामास मनाई केली, आणि उपग्रहाच्या चित्रांवरून त्यांचे नकाशे करविण्यास सांगितलें. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालानें हें संरक्षण कायम झालें. २०१२ सालीं राज्याच्या वनविभागांत स्वतंत्र कांदळवन कक्षही निघाला.

तात्पर्य, पन्नास मीटर ही रेघ आतां कायद्याची रेघ आहे. आणि ती जेथून मोजावयाची, तो तिवरांचा कांठ चित्रावरून ठरवावयाचा आहे. मग विचारलें पाहिजे कीं चित्राचा कण केवढा?

भारताच्या रिसोर्ससॅट मालिकेंतील उपग्रह या प्रश्नाचें उत्तम शिक्षण देतात. पहिला १७ ऑक्टोबर २००३ रोजीं, दुसरा २० एप्रिल २०११ रोजीं, व त्याचा जोडीदार ७ डिसेंबर २०१६ रोजीं आकाशांत गेला. या उपग्रहांस तीन निरनिराळे डोळे दिलेले आहेत. अवीफ्स नांवाचा डोळा सुमारें ७४० किलोमीटर रुंदीचा मुलूख एका दमांत पाहतो, पण त्याचा कण जमिनीवर ५६ मीटरचा असतो. लिस-३ हा सुमारें १४१ किलोमीटर पाहतो. कण साडेतेवीस मीटरचा. लिस-४ चा कण अवघा ५.८ मीटरचा, पण दुसऱ्या उपग्रहावरही त्याचा पट्टा ७० किलोमीटरच रुंद आहे. आकाशांतच रचलेली ही उतरंड होय.

जमिनीच्या व्यवहारांत आपण गुंठ्यांनीं बोलतों, म्हणून त्याच मापानें पाहूं. एक गुंठा म्हणजे सुमारें १०१ चौरस मीटर. अवीफ्सचा एक कण ३,१३६ चौरस मीटरांचा, म्हणजे सुमारें ३१ गुंठ्यांचा. पाऊण एकराहून किंचित् अधिकच. लिस-३ चा कण साडेपांच गुंठ्यांचा, आणि लिस-४ चा गुंठ्याच्या तृतीयांशाएवढा. यावरून स्पष्ट होतें कीं कायद्याचे पन्नास मीटर अवीफ्सच्या एका कणांतच बुडून जातात. लिस-३ मध्यें ते दोन कणांहून थोडे अधिक भरतात, व लिस-४ मध्यें साडेआठ. ३१ गुंठ्यांस एकच आंकडा देणाऱ्या चित्रास पन्नास मीटरांची रेघ विचारणें म्हणजे ताळेबंदास मंगळवारची भाजी विचारणें होय.

पट्टा कसा पुसला जातो

कोणतेंही विशिष्ट प्रकरण मनांत न धरतां एक कल्पित हिशेब मांडूं. खाडीच्या कांठानें २० मीटर रुंद व एक किलोमीटर लांब असा तिवरांचा सरळ पट्टा आहे. क्षेत्रफळ २०,००० चौरस मीटर, म्हणजे २ हेक्टर. जवळजवळ पांच एकर. बारीक कणांचा चांगला नकाशा हातीं आहे, पण मोठ्या अहवालासाठीं तो ६० मीटर कणाचा करावयाचा आहे. हा पट्टा नव्या कणांच्या एकाच रांगेंत सामावला आहे असें धरूं.

पहिली रीत: दर ६० मीटरांवरचा एक बिंदु उचलावा, बाकी सोडावे. तीन संधींपैकीं दोन संधींत बिंदूंची ओळ पट्ट्याबाहेर पडेल, आणि पांच एकर तिवर कागदावरून नाहींसे होतील. एका संधींत ती पट्ट्यावर पडेल, आणि २ हेक्टरांचे ६ हेक्टर होतील. सत्य कोणत्याही संधींत हातीं येत नाहीं.

दुसरी रीत: कणांत ज्याचें क्षेत्र अधिक त्याचें नांव कणास द्यावें. ही बहुमताची पद्धत सभेंत शोभते. येथें ती अरुंदाचा घास घेते. पट्ट्यानें प्रत्येक कणाचा तृतीयांश व्यापला आहे, म्हणून बहुमत चिखल-पाण्याचें. पांच एकर पुन्हां शून्य. पट्टा ४० मीटर रुंद असता, तर उलट ४ हेक्टरांचे ६ झाले असते. खाडीकांठची झाडी अरुंदच असते, म्हणून अशा नकाशांत तिचें नुकसान होण्याचा संभव मोठा.

तिसरी रीत: सरासरी. मूळ उजेडाच्या आंकड्यांची सरासरी करणें योग्य, हें आपण पाहिलें. परंतु एकदां नांवें ठरवून नकाशा तयार झाल्यावर त्यावर सरासरी चालवणें हा अनर्थ होय. समजा, नकाशांत तिवरांस १, पाण्यास २ व चिखलास ३ असे संकेत दिले आहेत. एक कण तिवराचा, शेजारचा चिखलाचा; १ व ३ यांची सरासरी २. तिवर अधिक चिखल यांचें झालें पाणी! संकेताचा आंकडा हें नांव आहे, माप नव्हे; वर्गांतील हजेरीक्रमांकांची सरासरी काढून विद्यार्थ्याची हुशारी कळत नाहीं.

चौथी रीत मात्र निर्दोष आहे. तळच्या बारीक मजल्यावर नांवें ठरवावीं, आणि वरच्या मजल्यावर कणाचें एकच नांव न लिहितां त्यांत तिवरांचा हिस्सा किती तें लिहावें. आपल्या पट्ट्याच्या प्रत्येक कणांत एक तृतीयांश असें लिहिलें जाईल. बेरीज केली कीं २ हेक्टर पुरतें परत मिळतात. पट्टा अगदीं रांगांच्या सीमेवर आला, तर हिस्सा दोन कणांत वांटला जाईल, पण बेरीज तीच राहील. अशा नकाशानें क्षेत्रफळ सांभाळलें. मात्र त्या ६० मीटरांच्या आंत कांठ नेमका कोठून जातो, हें तोही सांगत नाहीं. त्यासाठीं तळच्या भांड्याकडेच गेलें पाहिजे.

कोणास किती विचारावें

यावरून मोठ्या कणांचीं चित्रें निरुपयोगी असें अनुमान काढणें अन्यायाचें होईल. अवीफ्स पांच दिवसांच्या अंतरानें तोच मुलूख पुन्हां पाहूं शकतो. सगळ्या कोंकणपट्टीवर हिरवेपणा कोठें घटला, कोठें वाढला, याची चाहूल त्याच्याच नजरेस प्रथम लागते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था लिस-३ च्या चित्रांवरून साऱ्या देशाच्या वनाच्छादनाचा अहवाल तयार करते, आणि आपण एक हेक्टरापर्यंतचेंच वन मोजतों हें ती उघड सांगते. अशी कबुली दिलेला नकाशा प्रामाणिक असतो. दोष मोठ्या कणाचा नसून, त्यानें जें पाहिलेंच नाहीं त्याबद्दल त्याची साक्ष काढणाऱ्याचा आहे. वरच्या मजल्यानें कोठें पाहावें तें सांगावें, खालच्यानें काय आहे तें सांगावें, आणि शेवटीं ओहोटीच्या वेळीं चिखलांत उतरून फीत धरणाऱ्या माणसानें निर्णय करावा. हा क्रम उलटला, कीं मग वातानुकूल खोलींतील नकाशा हातीं घेऊन उभ्या झाडास तूं नाहींस असें सांगण्याची पाळी येते.

घरगुती व्यवहारांतही हा विवेक कामाचा आहे. पूर्वजांचीं मोडी पत्रें, जन्मपत्रिका, जुने दस्तऐवज, आजी-आजोबांचीं छायाचित्रें हल्लीं कुटुंबांत एकमेकांस पाठविलीं जातात. पाठवितांना तीं लहान होतात, आणि शेष कोठेंच जपलेलें नसतें. म्हणून गेलेली बारकाई परत येत नाहीं. लहान चित्र मोठें करून देणारीं नवीं यंत्रें निघालीं आहेत, पण तीं हरवलेली रेघ शोधून आणीत नाहींत. तेथें कशी रेघ असावी याचा तर्क करून नवी ओढतात. चेहऱ्यावर असा तर्क चालला तर करमणूक होते. दस्तऐवजांतील आंकड्यावर चालला तर भाऊबंदकी होईल. तेव्हां मूळ पूर्ण आकाराचें चित्र घरांतील एका जबाबदार माणसानें निराळें जपून ठेवावें, व लहान प्रत खुशाल वांटावी.

आणि नागरिक म्हणून, खाडीकांठच्या कोणत्याही कामाचा नकाशा पुढें ठेवला गेला कीं तीन प्रश्न विचारावे. मूळ चित्राचा कण जमिनीवर किती मीटरांचा होता? तो मोठा करतांना बिंदु उचलले, बहुमत घेतलें, कीं हिस्से लिहिले? आणि किती रुंदीच्या पट्ट्यास हा नकाशा ओळखतो? हीं उत्तरें नकाशाच्या कोपऱ्यांत, प्रमाणपट्टीच्या शेजारीं, एका ओळींत छापतां येतील. प्रमाणपट्टी नसलेला नकाशा आपण नकाशा मानीत नाहीं. ही ओळ नसलेला नकाशाही यापुढें पुरावा म्हणून मानूं नये, एवढा आग्रह नवी मुंबईच्या प्रत्येक सुशिक्षित घरानें धरण्यासारखा आहे.